पेढे वाटून झाले, आता वॉर्डाचे काय?

गणपतीच्या आगेमागे दरवर्षी आमच्या दवाखान्यात पेढ्यांचे पुडे येऊ लागतात. ‘नीट’चा निकाल लागलेला असतो, प्रवेशाच्या याद्या एकामागून एक लागत असतात आणि कोणाच्या ना कोणाच्या घरच्या मुलाचा किंवा मुलीचा ‘मेडिकलला नंबर’ लागतो. परवा असेच आमचे एक जुने रुग्ण, तात्या, पुडा घेऊन आले. कोरडवाहू शेती, जोडीला दोन म्हशी; त्यातून धाकटीचा नंबर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात लागला. मी पेढा तोंडात टाकला आणि म्हटले, “तात्या, पोरीने घराण्याचे नाव काढले.”

तात्या खुर्चीवर टेकले आणि म्हणाले, “ते खरं, डॉक्टरसाहेब. पण एक सांगा. ह्या साडेपाच वर्षांत तिनं तिथं नेमकं शिकायचं काय असतं? फोनवर मी तिला विचारू काय? मार्कांचं विचारलं की चिडते, अन्‌ दुसरं काय विचारायचं ते मला कळत नाही.”

प्रश्न साधा होता, पण मला पटकन उत्तर सुचले नाही. दोन दिवस तो डोक्यात घोळत राहिला. तात्यांसारखे अनेक पालक आपल्या जिल्ह्यात आहेत, आणि पालक नसलेल्या वाचकांचाही या प्रश्नाशी संबंध आहेच. म्हणून आजचे सदर रोगाऐवजी डॉक्टर कसा तयार होतो यावर.

आधी चौकट सांगतो. आपल्या राज्यातील वैद्यकीय महाविद्यालये पूर्वी मुंबई, पुणे, नागपूर, शिवाजी अशा त्या त्या भागातील विद्यापीठांना जोडलेली होती. १९९८ मध्ये नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि आधुनिक वैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, दंतवैद्यक, परिचर्या अशा सर्व शाखा एका छत्राखाली आल्या. हे केवळ आरोग्यविद्यांचे, राज्यभर पसरलेले शासकीय विद्यापीठ आहे. त्याच्याशी संलग्न असलेल्या महाविद्यालयांतली मुले, मग ती मिरजेची असोत की नांदेडची, तीच प्रश्नपत्रिका सोडवतात.

एमबीबीएसचा अभ्यास साडेचार वर्षांचा, आणि त्यानंतर एक वर्षाची सक्तीची आंतरवासिता, म्हणजे आपण ज्याला इंटर्नशिप म्हणतो ती. पहिल्या टप्प्यात शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन. दुसऱ्यात विकृती, सूक्ष्मजीव आणि औषधे. पुढे न्यायवैद्यक, सामाजिक आरोग्य, नाक-कान-घसा, डोळे; आणि शेवटी चार मोठे विषय, मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग-प्रसूती आणि बालरोग. हजेरीचा नियमही कडक. व्याख्यानांना किमान ७५ टक्के, प्रात्यक्षिकांना आणि वॉर्डातल्या कामाला ८० टक्के.

आता कागदावर नसलेली गोष्ट. पहिले वर्ष आपल्याकडच्या मुलांना जड जाते आणि त्याचे पहिले कारण भाषा. दहावीपर्यंत मराठीत शिकलेले मूल एकदम इंग्रजीच्या जाडजूड ग्रंथांपुढे बसते. हाताच्या एका हाडावर किती खाचा, किती उंचवटे, कोणता स्नायू कोठे चिकटतो, हे सारे परक्या भाषेत, आणि पंधरा दिवसांनी त्यावर तोंडी परीक्षा. बारावीत पहिल्या नंबरात असलेला मुलगा पहिल्या चाचणीत नापास होतो आणि ‘आपण इथे चुकून आलो’ असे त्याच्या मनात येते. मी स्वतः या वाटेने गेलो आहे. वसतिगृहाच्या गच्चीवर शब्दकोश घेऊन काढलेल्या रात्री मला अजून आठवतात. तात्यांच्या मुलीचा फोन दिवाळीच्या सुमारास रडवेला आला, तर त्यांनी घाबरू नये. तो या अभ्यासाचाच एक भाग आहे आणि बहुतेक मुले सहा-आठ महिन्यांत सावरतात. मात्र मूल जेवत नसेल, झोपत नसेल, बोलणेच बंद करत असेल, तर ‘होईल सवय’ म्हणून सोडून देऊ नये. उठावे, जाऊन भेटावे, मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावे. मेडिकलच्या मुलांनाही नैराश्य येते, आणि ते औषधाने व आधाराने बरे होते.

पण गंमत पुढे आहे. दुसऱ्या वर्षापासून मुले वॉर्डात जाऊ लागतात आणि तिथे पारडे फिरते. कॉटवरची आजी म्हणते, “छातीत कळ येती अन्‌ डाव्या हाताला मुंग्या येतात.” कोणी म्हणतो, “पोटात गोळा उठतो.” कोणी सांगते, “पोराचा घोळणा फुटला.” शहरी शाळेत शिकलेला मुलगा तिच्याकडे नुसता पाहत राहतो, आणि खेड्यातून आलेली मुलगी सहज पुढचा प्रश्न विचारते, “आजी, कळ जेवल्यावर येती का चढण चढल्यावर?” त्या एका प्रश्नात अर्धे निदान असते. पहिल्या वर्षी जी भाषा अडसर वाटली, ती इथे तिची शिदोरी ठरते. शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा देशभरातील मुलांसाठी असतात. ती परराज्यातील मुलेही वॉर्डात आजीकडूनच मराठी शिकतात. पुस्तकातला रोग इंग्रजीत असतो, रुग्ण मात्र आपल्या बोलीत बोलतो. या दोहोंमधला पूल बांधणे हे एमबीबीएसचे खरे शिक्षण.

हे शिक्षण कसे होते, त्याचे एकच उदाहरण देतो. पावसाळ्यात रात्री कोणाला साप चावला. आपल्याकडे विषारी सापांत प्रामुख्याने नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. साप कोणता ते बहुधा कोणी पाहिलेले नसते. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. ते ओळखायला लागते काय? काचेची एक स्वच्छ, कोरडी नळी आणि घड्याळ. दोन मिली रक्त नळीत घ्यायचे, वीस मिनिटे ती न हलवता उभी ठेवायची आणि मग एकदा तिरपी करायची. रक्त पातळच राहिले, तर विष रक्तात भिनले आहे. प्रतिविषाची लस सुरू करायची आणि सहा तासांनी चाचणी पुन्हा करायची. रुग्ण लहान मूल असले, तरी लसीची मात्रा मोठ्या माणसाइतकीच, कारण सापाने विष वय पाहून सोडलेले नसते.

इतकी साधी चाचणी. ‘किती मिनिटे?’ या प्रश्नाला वीस हे उत्तर मेडिकलचा कोणताही विद्यार्थी झोपेतही देईल. पण रात्री दोन वाजता, बाहेर वीस नातेवाईक उभे असताना, नळी प्लास्टिकची आहे की काचेची, ती साबणाने धुतलेली तर नाही ना, कोणी मध्येच उचलून हलवली तर नाही ना, हे पाहणे आणि ती वीस मिनिटे रुग्णाच्या पापण्या जड होतात का, श्वास मंदावतो का, यावर नजर ठेवत शांत राहणे, हे ज्याने वॉर्डात दोन-चार वेळा केले आहे त्यालाच येते. पाठांतराने ते येत नाही. टाका घालणे, अडलेली लघवी नळीने काढणे, सरळ प्रसूती सोडवणे, न रडलेल्या बाळाला पहिला श्वास देणे, या साऱ्यांचे असेच आहे. ही विद्या हाताची आहे आणि हात रुग्णाजवळच तयार होतो.

आणि नेमका हाच रुग्णाजवळचा वेळ आज मुलांच्या हातून निसटतो आहे. आजच्या लेखाचा मुद्दा हाच.

झाले असे. ‘नीट’ म्हणजे १८० प्रश्न, ७२० गुण, चार पर्यायांतून एक निवडायचा. राज्यातील एमबीबीएसच्या जागा याच परीक्षेवर भरल्या जातात. त्यासाठी मुले अकरावीपासून, कित्येकदा आठवीपासून क्लासमध्ये बसतात. ती मेडिकलला येतात, पण क्लास सुटत नाही. कारण पुढे पदव्युत्तर प्रवेशाची ‘नीट’ उभीच असते. तिथे २०० प्रश्न, पुन्हा चारच पर्याय. देशभरातून दोन लाखांहून अधिक डॉक्टर या परीक्षेला बसतात आणि जागा त्या मानाने फार कमी. चांगल्या शाखा तर मूठभरांनाच मिळतात. मग तिसऱ्या वर्षापासूनच मोबाइलवर शिकवण्यांचे वर्ग सुरू होतात. सकाळी वॉर्डात हजेरी लावायची आणि मागच्या बाकावर कानात तार घालून प्रश्नसंच सोडवायचे. आंतरवासितेच्या वर्षाची तर सर्वात वाईट अवस्था. जे वर्ष संपूर्ण हाताच्या विद्येसाठी ठेवले, ते वाचनालयात जाते. सामाजिक आरोग्याच्या बारा आठवड्यांच्या नेमणुकीत खेड्यातल्या केंद्रावर राहणे, घरोघर जाणे, लसीकरणाला बसणे अपेक्षित असते. प्रत्यक्षात सह्या करून मुले अभ्यासाला परत जातात, असे अनेक ठिकाणी होते आणि ते सर्वांना ठाऊक असते.

यात मुलांनाच दोष देणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. दुसरी बाजूही पाहू. आंतरवासितेतल्या डॉक्टरकडून रुग्णालये करून काय घेतात? रक्ताच्या नळ्या प्रयोगशाळेत पोचवणे, रिपोर्ट आणणे, कागद भरणे, शिपाई नसेल तर स्ट्रेचर ढकलणे. माझ्या वेळीही हेच होते. एका आंतरवासितेत मी जितके कागद भरले तितके टाके घातले नाहीत. शिकवायला कोणी उभे राहणार नसेल, तर हुशार मुलगा पुस्तकाकडे वळेल नाही तर काय करील? आणि आपण, समाज म्हणून, त्याला काय सांगतो? ‘नुसता एमबीबीएस आहे’ असे म्हणतो. लग्नाच्या बैठकीत पहिला प्रश्न, ‘पुढे एमडी करणार ना?’ साध्या तापालाही आपल्याला ‘स्पेशालिस्ट’ हवा. ज्या पदवीला आपण किंमत दिली नाही, ती पदवी मन लावून शिकावी अशी अपेक्षा त्या मुलाकडून कोणत्या तोंडाने करायची?

तज्ज्ञ हवेत, याबद्दल वाद नाही. पण हिशेब करून पाहा. सपाट प्रदेशात ३० हजार लोकवस्तीमागे आणि डोंगराळ, आदिवासी भागात २० हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा शासनाचा निकष आहे. त्या केंद्रावर हृदयरोगतज्ज्ञ बसणार नाही, बसण्याची गरजही नाही. तिथे बसतो एमबीबीएस. शासकीय महाविद्यालयात शिकलेल्या मुलांना पदवीनंतर एक वर्षाची बंधपत्रित सेवा द्यावी लागते, त्यामुळे अनेकदा नुकताच बाहेर पडलेला पोरसवदा डॉक्टरच तिथे येतो. म्हणजे ज्या मुलाने आंतरवासितेचे वर्ष वाचनालयात काढले, तोच पुढच्या पावसाळ्यात आपल्या तालुक्यात, आपल्या माणसाच्या उशाशी, हातात ती काचेची नळी धरून उभा असणार. त्या रात्री त्याला चार पर्याय कोणी देणार नाही.

साधा एमबीबीएस डॉक्टर रुग्णाजवळ बसला तर काय होऊ शकते, याचे उदाहरण शोधायला परदेशात जायला नको. डॉ. हिंमतराव बावस्कर जालना जिल्ह्यातल्या खेड्यातून आले, नागपूरच्या शासकीय महाविद्यालयात शिकले आणि १९७० च्या दशकात रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रावर रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः लहान मुले, दगावत. भरपूर घाम, हातपाय गार आणि शेवटी फुप्फुसात पाणी. पुस्तकात यावर नेमका उपाय नव्हता. या तरुण डॉक्टरने रुग्णाजवळ बसून तासातासाला काय घडते ते पाहिले, लिहून ठेवले. १९८२ मध्ये ही निरीक्षणे ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आली. पुढे रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे औषध या दंशावर गुणकारी ठरते, हे त्यांनी दाखवून दिले आणि असंख्य जीव वाचले. पुढे ते एमडी झाले, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण या साऱ्याचा उगम एका आरोग्य केंद्रातल्या कॉटजवळ आहे आणि तेव्हा ते ‘नुसते एमबीबीएस’च होते.

मग करायचे काय? केवळ उपदेश करून भागणार नाही. काम तिघांनी वाटून घ्यायला हवे.

पहिली जबाबदारी शासनाची, विद्यापीठाची आणि महाविद्यालयांची. २०१९ पासून नवा अभ्यासक्रम लागू झाला. विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काय करता येते यावर त्यात भर आहे, करून दाखवलेल्या कौशल्यांची नोंदवही आहे, रुग्णाशी बोलावे कसे याचे पाठ आहेत. नंतर खेड्यातील काही कुटुंबे विद्यार्थ्याने दत्तक घेण्याचा उपक्रमही आला. कागदावर हे उत्तमच आहे. पण नोंदवही घरी बसून भरता येत असेल तर तिचा उपयोग काय? आंतरवासितेच्या शेवटी पाच साधी कौशल्ये दुसऱ्या महाविद्यालयाच्या परीक्षकासमोर करून दाखवल्याशिवाय प्रमाणपत्र मिळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि पदव्युत्तर प्रवेशात त्या कामाला थोडे का होईना गुण असावेत. ज्याला गुण, त्याचाच अभ्यास, हा आपल्याकडचा नियम आहे. तो बदलता येत नसेल तर निदान त्याचा उपयोग करून घ्यावा. त्याचबरोबर नळ्या पोचवायला आणि स्ट्रेचर ढकलायला माणसे नेमावीत. डॉक्टरला डॉक्टरचे काम शिकू द्यावे.

दुसरी जबाबदारी रुग्ण म्हणून आपली. शासकीय रुग्णालयात गेल्यावर तपासायला विद्यार्थी आला की पुष्कळ जण तोंड फिरवतात. “शिकाऊ नको, मोठ्या डॉक्टरला बोलवा.” नको म्हणण्याचा तुमचा हक्क आहे, आणि परवानगी न विचारता अंगाला हात लावणाऱ्या विद्यार्थ्याला जरूर सुनवा. पण त्याने नम्रपणे विचारले, शिक्षक जवळ असले आणि तुम्हाला त्रास नसला, तर त्याला तपासू द्या. मोठा डॉक्टरही एके काळी कोणाच्या तरी पोटावर थरथरता हात ठेवूनच शिकलेला असतो. या देशातले सगळे डॉक्टर गरीब रुग्णांच्या शरीरावर शिकले आहेत. त्यांचे ते ऋण कोणत्याही पावतीवर लिहिलेले नसते. तेवढ्यासाठी तरी मेडिकलला शिकणाऱ्या प्रत्येकाने त्या माणसाशी ‘ए’ ऐवजी ‘अहो’ म्हणून बोलावे.

आणि तिसरी जबाबदारी पालकांची. इथे मी पुन्हा तात्यांकडे येतो.

आठवड्याने ते रक्तदाब तपासायला आले, तेव्हा मी त्यांना म्हटले, “तात्या, तुमच्या प्रश्नाचे उत्तर सापडले. पहिले वर्षभर फक्त विचारायचे, ‘जेवलीस का, झोपलीस का?’ मार्कांचे नावही काढायचे नाही. दुसऱ्या वर्षापासून एकच प्रश्न विचारायचा, ‘आज कोणाला तपासलंस? त्याचं गाव कोणतं, त्याला काय होत होतं?’ ती सांगू लागली की ऐकत राहायचे. आणि एखादे दिवशी तिला काहीच सांगता आले नाही, तर समजायचे, तो दिवस वाया गेला.”

तात्यांनी मान डोलावली. मग थोडा विचार करून म्हणाले, “हे बरं आहे. म्हशीचं दूध काढायला पोराला शिकवताना मी असंच करतो. किती लिटर ते विचारत नाही, कासेला हात लावला का ते विचारतो.”

मी रक्तदाबाचा पट्टा सोडला. एवढे पान खर्चून मला जे सांगता आले नाही, ते त्यांनी एका वाक्यात सांगितले होते.